खड्ड्यातला जोड

साइटवर तिला सगळे बाहीवाल्या बाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की बाहीवाल्या बाई. तिला ते ठाऊक होतं, पण राग नव्हता, कारण नाव खोटं नव्हतं. पाइपलाइनच्या जोडांवर कुठली बाही चढवायची हे ठरवणं हेच तिचं काम होतं. ऑफिसात त्या बाह्यांना स्लीव्ह म्हणत. कारखान्यातून येतानाच पाइपाच्या अंगावर जाड लेप असतो. फक्त दोन्ही टोकं वेल्डिंगसाठी उघडी सोडलेली असतात. दोन टोकं जोडून वेल्डर बाजूला झाला की मधे हातभर रुंदीचं उघडं लोखंड उरतं. ते तसंच गाडलं तर माती आणि पाणी त्याला सावकाश खात बसतात. म्हणून त्यावर स्लीव्ह.

“पाइप म्हातारपणानं मरत नाही, जोडाशी मरतो,” असं ती नव्या लोकांना सांगायची. नवे लोक मान डोलवायचे आणि चहा प्यायला जायचे.

त्याच लाइनवर तिचा धाकटा भाऊ गॅसचा बर्नर चालवायचा. लहानपणी तो इतका किडकिडीत होता की तिनंच त्याला काडी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव गल्लीतून शाळेत, शाळेतून कामावर असं त्याच्या मागोमाग आलं. आता तो चांगला रुंद खांद्यांचा दाढीवाला गडी झाला होता, तरी काडीच. “बर्नरवाल्याचंच नाव काडी, म्हणजे आगपेटीचा खर्च वाचला,” असं त्याचा जोडीदार जाड्या म्हणायचा आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

आई गेली तेव्हा काडी अजून बोबडं बोलत होता. वडील बसवर कंडक्टर. पहाटे बाहेर पडत ते संध्याकाळी परत. त्यामुळे भावाला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या मारामाऱ्या मिटवण्यापर्यंत सगळं तिच्या अंगावर आलं. ती शिकली, इंजिनिअर झाली. त्याचं आणि पुस्तकांचं कधी जमलं नाही. पण हात असे की बघत राहावं. तिनंच शब्द टाकून त्याला लेप लावणाऱ्या टोळीत घेतलं, आणि पुढे तिला त्याच्यासाठी कधी शब्द टाकावा लागला नाही. स्लीव्ह चढवायची तर काडीनंच, असं टोळीचा मुकादमही म्हणू लागला.

त्या वर्षी लाइन सखल भागातून जायची होती. जमीन काळी, चिकट, खारट. फावडं मारलं की खाली पाणी लागायचं. वाळली की ती माती भेगाळायची, भिजली की फुगायची, आणि गाडलेल्या पाइपाला कुशीवर वळणाऱ्या माणसासारखी खेचायची. त्यातून लाइन गरम तेलाची. थंड झालं की घट्ट होणारं तेल होतं ते, त्यामुळे तापवूनच ढकलायचं. म्हणजे बाहेरून खारं पाणी आणि ओढणारी माती, आतून कायमची ऊब. अशा जोडाला काय चढवायचं हा प्रश्न तिच्या टेबलावर आला.

तिनं तीन नमुने मागवले. एक साधी थंड पट्टी, हातानं ताणून गुंडाळायची. आगीची गरज नाही, कुणालाही जमेल. दुसरी पातळ स्लीव्ह. तिसरी जाड, खाली प्रायमरचा थर लावून बर्नरच्या ज्योतीनं आकसवायची. ती तापली की अंगासरशी बसते आणि तिच्या आतला गोंद वितळून लोखंडाला धरतो. तिन्ही नमुने पाइपाच्या तुकड्यांवर काडीनंच चढवून दिले. मग ते तुकडे गरम खाऱ्या पाण्याच्या टाकीत पडून राहिले. ती रोज झाकण उघडून बघायची, जणू आत काही शिजतंय.

बाहेर काढले त्या दिवशी तिनं काडीलाही बोलावलं. पट्टीची कडा चिमट्यात धरून ओढली, तर ओल्या साबणावरचा कागद निघावा तशी ती निघून आली, आणि खाली लोखंडावर तांबूस डाग दिसले. पातळ स्लीव्हनं जरा तोंड वाकडं केलं आणि तीही सुटली. तिसऱ्या, जाड स्लीव्हला ओढायला काडीला दोन्ही पाय भिंतीला लावावे लागले. शेवटी गोंद मधूनच फाटला, पण लोखंडावरची पकड त्यानं सोडली नाही. लोखंड दिसलंच नाही.

“बाप रे,” काडी बसल्या जागी हसत म्हणाला, “ही तर आपल्या आत्यासारखी आहे. एकदा धरलं की सुटका नाही.”

तीही हसली. मनासारखं उत्तर मिळालं की माणूस किती सुखी होतो! तिनं त्याच्यासाठी चहा मागवला. चहा पिताना तो कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“ताई, एक बोलू? रागावू नकोस.”

“बोल की.”

“स्लीव्ह एक नंबर आहे, वादच नाही. पण तिकडचे खड्डे बघितलेस का? पाणी येतं म्हणून चारी बाजूंनी पत्रे ठोकलेत. जोडाभोवती जेमतेम माणूस मावतो. खड्डे कसले, विहिरीच त्या. सिलेंडरचा गॅस जड असतो, तो खाली बसतो. उघड्यावर असलं तर वाऱ्यानं निघून जातं सगळं. तिथे कुठे जाणार?”

“मग काय करावं म्हणतोस?”

“ते विजेचं जाकीट असतं ना, पाइपाला मिठी मारल्यासारखं बसतं आणि तापतं. ज्योतीचं कामच नाही. ते आणलं तर…”

ती त्याच दिवशी मोठ्या साहेबांकडे गेली. मोठे साहेब म्हणजे या सगळ्या कामाचे प्रमुख. थकलेला, सरळ माणूस. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, “जाकीट एकच आहे, आणि ते पार दुसऱ्या टोकाच्या लाइनवर अडकलंय. ते मोकळं होऊन इथे येईपर्यंत पाणी वर चढेल. पत्र्यांनी धरून धरून ती माती किती दिवस धरायची? उद्या भिंतच बसली तर माणसं आत असतील. तुम्हीच सांगा, काय करू?”

वाट बघण्यातही धोका होता, न बघण्यातही. थंड पट्टी लावली तर माणसं सुखरूप, पण काही वर्षांत जोड गंजून तेल त्या पाण्यात, त्या मातीत. इकडे आड, तिकडे विहीर.

“तुमचा भाऊच आहे ना टोळीत?” साहेब म्हणाले. “त्याला विचारा. जपून होईल का?”

तिनं विचारलं. काडी पाइपावर बसून डबा खात होता. त्यानं घास गिळला आणि खांदे उडवले. “करू की. तू म्हणतेस तर करू.”

तिनं जाड स्लीव्ह पक्की केली. पण नुसता निर्णय देऊन ती घरी बसली नाही. खड्डे दोन्ही अंगांनी रुंद करायला लावले, शिड्या दोन ठेवल्या, तळातली हवा ओढायला पंखा बसवला, सिलेंडर वर, खड्ड्यापासून दूर. रोज सकाळी गॅसची नळी गळते का ते साबणाच्या पाण्यानं तपासायचं असा नियम केला. पहिल्या दिवशी ती स्वतः शिडीवरून खाली उतरली. खाली खाऱ्या चिखलाचा कुबट वास, पत्र्यांतून झिरपणारं पाणी, वर आकाशाचा एवढासा चौकोन. काडी म्हणाला, “चल, वर जा आता, साहेबीण. इथे दोघांना जागा नाही.”

काम सुरू झालं आणि चांगलं चाललं. काडीला स्लीव्ह चढवताना बघणं म्हणजे सोहळाच. आधी लोखंड घासून चकचकीत, मग ते तापवायचं, मग प्रायमर, मग स्लीव्ह गुंडाळून मधोमध ज्योत धरायची आणि तिथून दोन्ही कडांकडे न्यायची. घाई केली तर हवा अडकते, रेंगाळलं तर स्लीव्ह करपते. मग रोलर फिरवून उरलेसुरले बुडबुडे बाहेर. तो संपूर्ण वेळ काडी ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणायचा. प्रत्येक जोड झाल्यावर त्यावर हात फिरवून म्हणायचा, “झोपा आता.” ती वरून बघायची. तिच्या मनातली भीती हळूहळू बसत गेली. रोज काही होत नाही तेव्हा माणसाला वाटू लागतं की काही होणारच नाही.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी सकाळपासून वारा होता. ती ऑफिसात होती. फोन वेल्डरचा. वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला मामा म्हणत. मामाचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि म्हणूनच तिला पुढचं काही समजायला वेळ लागला.

“बाई, काडी भाजलाय. जिवंत आहे. दवाखान्यात या.”

काय घडलं ते तिला जाड्यानं सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे त्याचा चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. नळी सकाळी तपासली होती, साबणाचा एक बुडबुडा आला नव्हता. पण वाऱ्यानं ती पत्र्याच्या कडेवर सारखी घासत राहिली आणि दुपारपर्यंत कुठेतरी चिरली. तीही खाली, पाइपाच्या पोटाखाली, जिथे कुणाची नजर जात नाही. पंखा चालू होता, पण वारा वरून खड्ड्यात शिरून हवा परत खालीच दाबत होता. ज्योत विझली. काडीनं बर्नर गॅस बंद न करता तसाच अडकवून ठेवला, स्लीव्हची कडा उचलत होती ती दोन्ही हातांनी दाबून बसवली.

“मग म्हणाला, सरक रे, पुन्हा पेटवतो. बस. भप्प झालं. मोठा आवाजसुद्धा नाही, बाई. गादी आपटल्यासारखं. मी शिडीवर होतो. पट्ट्याला धरून ओढला त्याला. हात… हात त्यानं तोंडावर धरले होते. म्हणून तोंड वाचलं.”

आत व्हरांड्यात बाकावर वडील बसले होते. कंडक्टरकी सोडून बरीच वर्षं झाली होती तरी बसण्याची पद्धत तीच. पाय फाकवून, जणू खालची जमीन कधीही हलेल. तिला बघून ते फक्त म्हणाले, “हात राहतील ना गं?”

ती काही बोलायच्या आत दार उघडून भावजय बाहेर आली. भावजय किराणा दुकानात कामाला होती. अंगात अजून दुकानाचा एप्रन. एरवी तिचं आणि नणंदेचं चांगलं गूळपीठ होतं. दोघी मिळून काडीची टिंगल करायच्या, एकमेकींच्या चपला न विचारता घालायच्या. आता भावजयीनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

“तुमच्या पाइपाला कातडं हवं होतं ना,” ती अगदी हळू म्हणाली. “मिळालं. आता जा.”

वडील “अगं” एवढंच म्हणाले. ती गेली नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, भिंतीला पाठ लावून, संध्याकाळपर्यंत. कुणी तिला बस म्हटलं नाही.

हात राहिले, पण हातांसारखे राहिले नाहीत. मांडीची कातडी काढून मनगटांवर लावली. डाव्या हाताची बोटं थोडीफार वाकायची. उजव्याची मधली बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी आखडून गेली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, फरक पडेल. किती पडेल हे त्यांनी सांगितलं नाही. काडीनंही विचारलं नाही. ती रोज जायची. भावजय त्या वेळेला पाणी आणायला म्हणून बाहेर पडायची. काडी बहिणीशी नेहमीसारखंच बोलायचा. नर्सच्या नकला करायचा, शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्या माणसाला मोटरपंप म्हणायचा. एकदाच, खिचडीचा चमचा ती त्याच्या तोंडाशी नेत असताना, तो म्हणाला, “लहानपणी असंच भरवायचीस.” आणि मग चमचा तोंडात असतानाच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं ते दिसलं नाही असं दाखवलं.

तिकडे ऑफिसात चौकशी लागली. लांब टेबल, एका बाजूला मोठे साहेब आणि वरच्या कचेरीतून आलेली दोन माणसं. त्यांचं मत जवळजवळ ठरलेलंच होतं. ज्योत विझल्यावर गॅस बंद करून खड्डा मोकळा करायला हवा होता, बर्नरवाल्यानं तसं केलं नाही, निष्काळजीपणा. हा एक शब्द लागला असता तर काडी पुन्हा कुठल्याच कामावर उभा राहू शकला नसता, आणि त्याहून वाईट म्हणजे आयुष्यभर त्याला वाटत राहिलं असतं की आपले हात आपणच जाळले.

तिला विचारलं तेव्हा ती उभी राहिली. “त्यानं मला आधीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “ही स्लीव्ह त्या खड्ड्यात ज्योतीनं लावणं धोक्याचं आहे असं त्याचं म्हणणं होतं. जाकीट आणा म्हणाला होता. मी ऐकलं, साहेबांनाही सांगितलं, आणि तरी आम्ही ज्योतीनंच करायचं ठरवलं. स्लीव्ह पाइपासाठी बरोबर होती. खड्ड्यासाठी नव्हती. ही निवड माझी आहे. निष्काळजीपणा लिहायचाच असेल तर माझ्या नावापुढे लिहा.”

मोठे साहेब मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, “त्या मला भेटल्या होत्या, हे खरं आहे.” एवढं बोलायलाही त्यांना जड गेलं असणार.

निष्काळजीपणा हा शब्द गेला. अपघात असा शेरा पडला, काडीचं नाव स्वच्छ राहिलं. पण तिच्या बोलण्याचा दुसराही एक अर्थ लावला गेला. वरच्या कचेरीतून फर्मान आलं: त्या सखल भागात यापुढे आग नको, उरलेल्या सगळ्या जोडांना थंड पट्टी लावा, आजच्या आज. ती साहेबांकडे धावली. “जाकिटासाठी थांबा. पट्टी टिकणार नाही, तुम्ही ते नमुने बघितलेत.” साहेब म्हणाले, “आता कुणी ऐकणार नाही, बाई. आगीत माणूस गेला असता. पट्टीनं तर कुणी मरत नाही ना?” तिनं पट्टीला मान्यता द्यायला नकार दिला. शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या इंजिनिअरनं ती दिली. तिला तिथून उचलून माळावरच्या कोरड्या तुकड्यावर पाठवलं, जिथे कुठलीही स्लीव्ह चालली असती.

हे सगळं काडीला तिनंच सांगायला हवं होतं. पण ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली, आणि आधी जाड्या येऊन सांगून गेला.

त्या दिवशी ती पोचली तेव्हा काडी घरी येऊन थोडे दिवस झाले होते. दोन खोल्यांचं घर; बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्याची कॉट. हात उशीवर ठेवलेले, पांढऱ्या पट्ट्यांत. तिनं फळांची पिशवी ठेवली तरी त्यानं मान वळवली नाही.

“माझ्या जोडाचं काय केलं?” त्यानं विचारलं.

“कुठल्या?”

“तुला माहीत आहे कुठल्या.”

तिनं पिशवीतली फळं उगाच बाहेर काढली.

“जाड्या म्हणाला, अर्धी लागलेली स्लीव्ह खरवडून काढली. आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. खरं आहे?”

“हो.”

“तू बोललीस म्हणून.”

“तुझं नाव खराब होत होतं, काड्या. ते तुझ्यावर टाकत होते सगळं.”

“टाकू दे की!” तो उठून बसला, हात हवेत धरून. “मी तुला सांगितलं होतं का माझं नाव वाचव म्हणून? मी इथे पडून रोज काय विचार करायचो माहीत आहे? हात गेले तर गेले, पण लाइन पक्की झाली. आपण गेल्यावरही ते जोड तसेच राहतील. तेवढं एक होतं माझ्याकडे. आता काय राहिलं? तू स्लीव्ह चुकीची म्हणालीस—”

“चुकीची नाही म्हटलं. खड्ड्यासाठी—”

“मला तो हिशेब नको! निवडतेस तूच, चुकलं म्हणतेस तूच. मधल्यामध्ये मी कोण होतो?” त्याचा आवाज फाटला. “म्हणजे हे हात कशासाठी गेले ते तरी सांग मला. चिकटपट्टीसाठी?”

स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत, नजर जमिनीवर. कुणीच मधे पडलं नाही.

“तू नको येत जाऊस,” काडी म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

ती जिन्यावरून खाली आली. आपण खरं बोललो होतो, आणि त्याला वाचवायलाच बोललो होतो, हे तिला कळत होतं. त्यातून काय झालं हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी छातीत घेऊन चालणं तिला जमेना. कोपऱ्यावरच्या चपलेच्या दुकानाशी ती थांबली आणि बंद शटरला टेकून उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, बाई बसची वाट बघतेय.

नंतरचे महिने तिनं माळावर काढले. कोरडी माती, उथळ खड्डे, हसतमुख टोळी. तिथला बर्नरवाला मधमाशा हाकलत काम करायचा. ज्योत पेटवताना होणारा तो ‘भस्स’ आवाज आला की ती दुसरीकडे बघायची. वडील अधूनमधून फोन करायचे आणि हवापाण्याचं बोलायचे. “तो कसा आहे?” असं विचारलं की म्हणायचे, “आहे.” त्या एका शब्दात इतकं काही असायचं की ती पुढे विचारत नसे. संध्याकाळी खोलीवर परत आली की ती दिवा न लावता बसून राहायची. आपला भाऊ आता चहाचा कप कसा धरत असेल, शर्टाची बटणं कोण लावत असेल, याच गोष्टी डोक्यात. मोठं काही सुचायचंच नाही.

एका सुट्टीच्या सकाळी दार वाजलं. उघडलं तर भावजय. धापा टाकत होती. तीन जिने चढून आली होती. गालफडं बसली होती, केसांत पांढरी बट दिसत होती.

“आत येऊ का?”

“ये ना. बस. पाणी—”

“पाणी नको.” ती दारातच उभी राहिली. बराच वेळ शब्द जुळवत असावी. मग म्हणाली, “तो बोलत नाही. दिवसच्या दिवस भिंतीकडे बघत बसतो. व्यायाम सोडला. डॉक्टर म्हणतात आता सोडला तर बोटं कायमची गेली. मी सांगून थकले. बाबा सांगून थकले. जाड्या आला तर त्याला आत घेत नाही.”

“मी काय करू? त्यानंच मला—”

“माहीत आहे. मी होते ना तिथे.” भावजयीनं पदरानं मान पुसली. “परवा त्याला ताप होता. तापात तुम्हाला हाका मारत होता. ताई, पाणी दे. ताई, दिवा लाव. सकाळी विचारलं तर म्हणतो, मी नाही बोललो.”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” भावजय म्हणाली. “पुढे करेन असंही वाटत नाही. त्याच्यासमोर गोड बोलेन, पण ते खरं धरू नका. तरी या. तो हाकलेल. तरी बसा. तुम्हाला हाकललं तर तुम्ही जात नाही, हे मी दवाखान्यात बघितलंय.”

तिनं चपला घातल्या. दोघी खाली उतरल्या, बसमध्ये बसल्या, एकाच बाकावर, मधे पिशवी ठेवून.

घरी काडी खिडकीपाशीच होता. दाढी वाढली होती, आणि लहानपणी होता तसा पुन्हा किडकिडीत झाला होता. बहिणीला बघून त्यानं बायकोकडे एक नजर टाकली, मग परत बाहेर.

“कशाला आलीस?”

“बसायला.”

“बोलायचं नाही मला.”

“नको बोलूस.”

ती कॉटच्या कडेला बसली आणि त्याचा उजवा हात तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला. त्यानं तो ओढून घ्यायचा प्रयत्न केला. तिनं सोडला नाही. कातडी चकचकीत, ताणलेली, लालसर होती, आणि इतकी गरम की तिला क्षणभर ताप आहे असं वाटलं. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं तिनं पहिलं बोट धरलं आणि अगदी हळू मागे न्यायला सुरुवात केली. काडीनं दात आवळले.

“दुखतंय,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग सोड.”

तिनं सोडलं नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. वडील खुर्ची ओढून जवळ आले आणि नुसते बघत बसले. बोट थोडं मागे गेलं, थांबलं, परत आखडलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. काडी शिव्या देत राहिला. आधी डॉक्टरला, मग जाड्याला, मग तिला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात त्याचा आवाज ऐकू येत होता.